शिक्षकाचा आत्मसंतोष व आत्मपरीक्षण

शिक्षकाच्या सेवाकाळात धोक्याचे प्रसंग दोन वेळा येतात. पहिला नोकरीच्या आरंभी येतो. वर्ग आवरत नाही, टाचण हाती असूनही पाठ फसतो, आणि हे काम आपल्याला साधेल की नाही या शंकेने नवा शिक्षक व्याकूळ होतो. हा धोका सर्वांना दिसतो. मुख्याध्यापक धीर देतात, सहकारी मार्ग दाखवितात, आणि वर्षा-दोन वर्षांत तो टळतो. दुसरा धोका दहा-पंधरा वर्षांच्या सेवेनंतर येतो. वर्ग आता एका नजरेत शांत होतो, पाठ्यपुस्तक तोंडपाठ झालेले असते, गावात मान मिळतो, अधिकाऱ्यांचा शेरा चांगला असतो. हा धोका मात्र कोणाच्याच ध्यानात येत नाही. कारण बाहेरून पाहता तो यशासारखाच दिसतो. याचेच नाव आत्मसंतोष.

आत्मविश्वास व फाजील आत्मविश्वास यांतील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. 'हे मूल शिकू शकेल आणि त्याला शिकविणे मला जमेल' ही श्रद्धा म्हणजे आत्मविश्वास. तिच्यावाचून अध्यापन संभवत नाही. 'मी शिकविले आहे, म्हणजे मूल शिकलेच असणार. तपासून पाहण्याचे कारण नाही' ही समजूत म्हणजे फाजील आत्मविश्वास. पहिल्या भावनेत मुलाकडे दृष्टी असते, दुसरीत ती स्वतःकडे वळलेली असते. आत्मसंतुष्ट शिक्षक आळशी असतोच असे नाही. पुष्कळदा तो वेळेवर येणारा, फळाभर लिहिणारा, घसा बसेपर्यंत बोलणारा असतो. उणीव श्रमांची नसते; त्या श्रमांचे फळ कोणत्या मुलापर्यंत पोचले, हे पाहण्याची सवय सुटलेली असते.

वर्ग शिक्षकाला कसा फसवितो

ही सवय का सुटते, याचा विचार केला म्हणजे दोष केवळ वृत्तीचा नाही हे लक्षात येते. वर्गाची रचनाच अशी आहे की ती शिक्षकाला त्याला हवे तेच ऐकविते. 'समजले का?' या प्रश्नाला सर्व वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. धडा सामुदायिक रीतीने वाचविला, तर तीस मुलांचा आवाज उठतो. त्यात दहा मुले अक्षरे पाहून वाचीत असतात आणि उरलेली शेजाऱ्याचा शब्द ऐकून ओठ हलवीत असतात. प्रश्न विचारला की पुढच्या रांगेतील तीच पाच-सहा बोटे वर होतात. उत्तर बरोबर येते, पाठ पुढे सरकतो, आणि गप्प बसलेल्या मुलांचे अज्ञान त्या बरोबर उत्तराखाली झाकले जाते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. जी गोष्ट मनुष्याला पूर्ण अवगत झाली, तिची अडचण त्याला आठवत नाही. वजाबाकीत हातचा घेताना दशकाच्या घरातून एक दशक एककाच्या घरी येऊन त्याचे दहा एकक होतात. ही गोष्ट शिक्षकाला इतकी सहज वाटते की तीत मुलाला कोठे अडते याची कल्पनाही त्याला करता येत नाही. 'क्त' आणि 'त्क' यांत त्याला घोटाळा दिसत नाही, मुलाला दिसतो. अनुभव वाढतो तसे हे अंतरही वाढते, आणि मग 'मुलेच मंद आहेत' असा सोयीस्कर निष्कर्ष निघतो.

डेव्हिड डनिंग व जस्टिन क्रूगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विनोदाची पारख, तर्क व व्याकरण या विषयांत लोकांची परीक्षा घेतली आणि आपण कितपत उतरलो असे त्यांनाच विचारले. ज्यांना सर्वांत कमी गुण मिळाले होते त्यांचाच स्वतःविषयीचा अंदाज सर्वांत अधिक फुगलेला आढळला. कौशल्य नसणे आणि ते नाही हे न कळणे या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र नांदतात, असे त्यांचे म्हणणे होते. यावरून शिक्षकाने इतकाच बोध घ्यावा की स्वतःविषयीचा स्वतःचा अभिप्राय हे पुरेसे प्रमाण नव्हे. प्रमाण बाहेर, मुलाजवळ शोधावे लागते.

ते शोधल्यावर काय दिसते? 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. तीत खेडोपाडी घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवून वाचावयास सांगतात. २०१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. ही मुले रोज कोणत्या तरी वर्गात बसत होती, सामुदायिक वाचनात त्यांचाही आवाज होता. दुसरीत मागे पडलेले मूल तिसरीत ओरडून सांगत नाही. ते गप्प होते, मग गैरहजर राहू लागते, आणि पुढे त्याचे नाव पटावरून केव्हा गळाले हेही कोणाच्या ध्यानात राहत नाही. शिक्षकाच्या आत्मसंतोषाची किंमत अशी मुलाला द्यावी लागते.

बदलता परिसर, न बदलणारा पाठ

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघाले की पहिले स्थानक विठ्ठलवाडीचे. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या पट्ट्याइतकी स्थित्यंतरे पाहिलेला भाग ठाणे जिल्ह्यात विरळा. १८५६ मध्ये येथून खोपोलीकडे आगगाडी गेली. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याण कँप ही लष्करी छावणी वसली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे त्याच बराकींत राहिली, आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे कारखाने आले, चाळी आल्या, उंच इमारती आल्या. आसपासच्या खेड्यांत आगरी व कुणबी घरे, ठाकूर व कातकऱ्यांच्या वाड्या आणि कामासाठी दूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे आज एकमेकांच्या शेजारी दिसतात.

अशा परिसरातील वर्गात एकाच वस्तूला चार घरची चार नावे असतात. वीस वर्षांपूर्वीच्या मुलांसाठी बसविलेला पाठ आजच्या मुलांपुढे तसाच ठेवला, तर पाठ चांगला असूनही तो चुकीच्या श्रोत्यांपुढे होतो. पुस्तकातील शब्द न कळल्याने गप्प राहिलेले मूल मंद ठरते. वस्तुतः ती वस्तू त्याने शिक्षकापेक्षाही जवळून हाताळलेली असते. अनुभव हे शिक्षकाचे धन खरेच. पण ते धान्याप्रमाणे आहे. दरसाल उन्हात घालून पाखडले नाही, तर त्याला कीड लागते.

बोर्डी व कोसबाड येथील उदाहरण

यशावर न विसावता पुन्हा विद्यार्थी होण्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. बोर्डी व कोसबाड ही स्थळे २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. आज ती पालघर जिल्ह्यात आहेत.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. ते प्रतिष्ठेचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग करण्यास गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९३६ मध्ये दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले. एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते. परंतु शहरातील मुलांसाठी जमलेली पद्धत खेड्यातील गरीब मुलांना उपयोगी पडेल काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या व तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

तेथे अपयशाने गाठलेच. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली त्या गरीब वस्तीतील मुले येईनात. अशा वेळी 'या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही' असे म्हणणे सोपे होते, आणि नामांकित व्यक्तीने तसे म्हटले असते तर ते सर्वांनी खरेही मानले असते. ताराबाईंनी दोष मुलांच्या माथी न मारता पद्धत तपासली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात गेली. आणि अंगणवाडी अस्तित्वात आली. परदेशी पद्धतीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शंखशिंपले, काटक्या हीच साधने झाली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. तेथे असे दिसले की मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळतात व गुरे राखतात, म्हणून शाळेत येऊ शकत नाहीत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आली, आणि गुराख्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. यांतील प्रत्येक शोध 'आपले कोठे चुकते आहे?' या एका प्रश्नातून निघाला आहे. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या बालविकास योजनेने अंगणवाडी हा शब्द खेडोपाडी पोचविला. त्याचे मूळ बोर्डीच्या त्या अपयशात आहे.

त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचे उदाहरण तर प्राथमिक शिक्षकांच्या अधिकच जवळचे आहे. १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताईंना बालवयातच वैधव्य आले. त्या शिकून प्राथमिक शिक्षिका झाल्या. दिवसा नोकरी व रात्री अभ्यास करून त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या, आणि कोसबाडचे काम अंगावर असताना, वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९६१ मध्ये बी. ए. झाल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. तथापि मानसन्मान हे या चरित्रांचे सार नव्हे. जो स्वतः शिकत राहतो त्याला शिकणाऱ्याची अडचण कळत राहते, हे ते सार होय.

हा नियम खेड्यातील शाळेपुरताच नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर हे पदार्थविज्ञान शिकवीत. विद्यार्थी त्यांच्यावर खूश होते आणि अवघड गणितेही सोडवीत. १९९० च्या सुमारास त्यांनी बल व गती यांवरील अगदी साधे, रोजच्या भाषेतील प्रश्न वर्गाला घातले, तेव्हा पुष्कळांची समजूत कच्ची निघाली. त्यांनी आपली व्याख्यानपद्धती बदलली आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांशी चर्चा करून उत्तर पडताळण्याची पद्धत वर्गात आणली. लोकप्रिय अध्यापकालाही खरी बातमी मुलाच्या उत्तरातूनच मिळते.

प्रत्यक्ष काय करावे

उपदेशाने उमेद परत येत नाही. ती कामातून येते. पुढील चार गोष्टी कोणत्याही शाळेत, कोणत्याही खर्चावाचून करता येतील.

पहिली गोष्ट अंदाज व पडताळ्याची. महिन्यातून एकदा एक छोटा, मुलांनी न पाहिलेला उतारा निवडावा. वर्गातील किती मुले तो न अडखळता वाचून अर्थ सांगतील, हा आकडा आधी वहीत लिहून ठेवावा. नंतर एकेका मुलाला जवळ बोलावून वाचून घ्यावे. अंदाज २५ चा आणि प्रत्यक्ष आकडा १४ चा आला, तर मधले ११ हे शिक्षकाच्या फाजील आत्मविश्वासाचे माप होय. ही वही कोणास दाखवावयाची नाही. दर महिन्यास अंतर कमी होऊ लागले, म्हणजे उत्साह कोठून येतो हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट चुकीच्या उत्तराची. चुकीच्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी 'हे तू कसे केलेस?' असे विचारावे. ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. त्याने सातातून दोन वजा केलेले असतात. त्याच्या मनात एक नियम असतो, तो फक्त चुकीचा असतो. तो नियम सापडला म्हणजे उपायही सापडतो.

तिसरी गोष्ट सहकाऱ्याची. दोन शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात पंधरा मिनिटे मागे बसावे व केवळ इतकेच टिपावे की कोणती मुले एकदाही बोलली नाहीत. शिक्षण परिषदेत आदर्श पाठाबरोबरच एखाद्या फसलेल्या पाठाचीही चर्चा व्हावी. ज्येष्ठ शिक्षकाने त्यात पुढाकार घेतला, तर तरुण शिक्षकांना अडचण बोलून दाखविण्याचा संकोच राहणार नाही.

चौथी गोष्ट स्वतः शिकण्याची. वर्षातून एक तरी विषय मुळापासून शिकावा. मग ती वस्तीतील ठाकरी बोली असो, सिंधी लिपी असो किंवा परिसराचा इतिहास असो. नदीचा पाठ अनेक वर्षे शिकविणाऱ्याने अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून व विठ्ठलवाडीवरून कल्याणकडे वाहणारी वालधुनी मुलांबरोबर एकदा पाहावी. तिचे काळवंडलेले पाणी पाहून मुले जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकात नाहीत. त्याच मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षांचा वारसा आणि आजची दुखावलेली नदी एकाच काठावर उभी असताना, शिकविण्यास नवे काही उरले नाही असे म्हणता येत नाही.

शेवटी एक सूचना

आत्मपरीक्षण म्हणजे आत्मनिंदा नव्हे. स्वतःला दोष देत बसणारा शिक्षकही अखेर स्वतःचाच विचार करीत असतो, मुलाचा नव्हे. पूर्वीची सेवा व्यर्थ गेली असे मानण्याचेही कारण नाही; तिच्यामुळेच वर्ग आवरतो, पालक विश्वास ठेवतात, आणि नवा प्रयोग करण्यास मोकळीक मिळते. ती मोकळीक वापरावयाची की तिच्यावर निजावयाचे, एवढाच प्रश्न आहे. येत्या सोमवारी शेवटच्या रांगेतील, सामुदायिक वाचनात नुसते ओठ हलविणाऱ्या एका मुलाला जवळ बसवून पाच ओळी वाचून घेतल्या, तर या प्रश्नाचे उत्तर द्यावयास आरंभ होईल. त्या पाच ओळींना लागणारा वेळ थोडा आहे. परंतु त्या मुलाचे पुढील शिक्षण त्यावर अवलंबून असू शकते.