नव्या बाजरीशेजारची कोशिंबीर

हस्ताचा पाऊस ओसरतो, खरिपाची बाजरी काढणीला आलेली असते आणि श्रीगोंद्याच्या बाजारात पेरू, डाळिंबं, काकड्या दिसू लागतात. लिंबू तर इथं घरचंच; तालुक्याची ओळखच लिंबाच्या बागांची. एवढ्या ऐवजातून फळांची कोशिंबीर सहज होते. ती चार वाजता वेगळ्या वाटीत न खाता भाकरीसोबतच खावी, असं मी आग्रहानं सांगेन. कारण बाजरीतलं लोह.

बाजरीत लोह भरपूर असतं, पण ते सगळं अंगी लागत नाही. दाण्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं, आतड्याला ते शोषता येत नाही. क जीवनसत्त्व ही पकड सैल करतं. ते लोहाचं रूप बदलतं आणि त्याला विरघळलेलं ठेवतं. मात्र दोन्ही एकाच वेळी पोटात असायला हवीत. सकाळच्या पेरूचा रात्रीच्या भाकरीला उपयोग नाही.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. जास्त लोहाच्या बाजरीचा एक महत्त्वाचा प्रयोग इथल्याच निवासी शाळांत झाला. 12 ते 16 वर्षांच्या 246 मुलांना सहा महिने बाजरीची भाकरी दिली. काहींना जास्त लोहाच्या वाणाची, काहींना नेहमीच्या. निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या शरीरात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांच्यापैकी जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याचं प्रमाण दीडपटीहून अधिक होतं. वाण सुधारणं शास्त्रज्ञांच्या हाती. त्यातलं लोह अधिक वसूल करणं मात्र आपल्या ताटात शक्य आहे.

क जीवनसत्त्व म्हटलं की आपण लिंबाकडे बघतो. खरा धनी पेरू आहे. 100 ग्रॅम पेरूत ते साधारण 200 मिलिग्रॅम, लिंबाच्या रसात जेमतेम 30 च्या आसपास. तरीही लिंबाशिवाय चालणार नाही. फळ चिरलं की पेशी फुटतात, हवा लागते आणि तांबं बाळगणारं एक विकर फोडीला तपकिरी करू लागतं. सफरचंदात हे झपाट्यानं होतं, पेरूतही होतं. लिंबाच्या आंबटपणात ते विकर मंदावतं आणि सायट्रिक आम्ल त्याच्याकडचं तांबंही अडवतं. म्हणून लिंबू चिरल्या चिरल्या पिळावं, वाढताना नव्हे. मीठ उलट शेवटी. आधी घातलं तर फोडींतलं पाणी बाहेर येतं आणि त्या पाण्यात क जीवनसत्त्वही उतरतं. ते पिळून टाकलं तर गेलंच.

डाळिंबाचे दाणे सोलताना पांढरा पापुद्रा काढून टाकावा, कारण टॅनिन मुख्यतः साल-पापुद्र्यात असतं आणि तेही लोह अडवतं. दाण्याचा लाल रंग लिंबात टिकतो, दह्यात फिका पडतो; दही एवढं आंबट नसतं. सीताफळ यात घालू नये, सगळा लगदा होतो. वरून दाण्याचा कूट, मिरची, कोथिंबीर. कुटातही फायटेट असतं, पण चव सोडवत नाही आणि पेरू त्याला पुरून उरतो.

जेवणावरचा चहा मात्र तासभर लांबवावा. त्यातलं टॅनिन पेरूनं सोडवलेलं लोह पुन्हा बांधून टाकतं.