सोमवारचा एक फालतू विनोद

बोरी बुद्रुकचे एक आजोबा रक्तदाब तपासायला दर सोमवारी येतात. परवा दंडाला पट्टा बांधून घेताना म्हणाले, "डॉक्टर, आज पहाटं उसाच्या कडेला बिबट्या आडवा आला. मी म्हणालो, बाबा, आज सोमवार, उपास असतो! बिचारा मान खाली घालून माघारी गेला." बाकावरचे सगळे खो-खो हसले. मला मात्र पाच मिनिटे थांबावे लागले. हसता-बोलता मोजलेला आकडा चढा येतो.

विनोद फालतूच, पण सोमवारी असाच लागतो. 1994 मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग भागातील हृदयविकाराच्या झटक्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत कामधंदा करणाऱ्यांना सोमवारी झटके जास्त आल्याचे आढळले. विनोदाने झटका टळतो, असे मी म्हणणार नाही. ताण मात्र घटकाभर उतरतो. खळखळून हसताना श्वासपटल हलते, पोटाचे स्नायू आवळतात, नाडी जलद होते आणि मग अंग सैल पडते. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी 2011 मध्ये याची गमतीदार परीक्षा घेतली. काहींच्या दंडावर रक्तदाबाचाच पट्टा आवळला! विनोदी चित्रफीत पाहून मनसोक्त हसलेल्यांनी वेदना जास्त वेळ सोसली.

आपल्याकडे डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील बागेत अवघ्या चार-पाच जणांना घेऊन हास्य क्लब काढला. सुरुवातीला रोज एकेकाने विनोद सांगायचा. पण पंधरवड्यात चांगले विनोद संपले, चावट आणि टोचणारे सुरू झाले, लोक नाराज झाले. मग डॉक्टरांनी विनोद सोडून नुसत्या हसण्याचेच व्यायाम बसवले.

हे आपण ध्यानात ठेवावे. जुन्नर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे गेली आहेत. त्या बाकावर असे दुःख झालेली एखादी माउली बसली असती, तर आजोबांचा विनोद तिला सुरीसारखा लागला असता. कुणाचे व्यंग, जात, सुनेचे माहेर हे विषयही नकोत. स्वतःची फजिती सांगावी. नारायणगाव तर तमाशाची पंढरी. तिथला सोंगाड्या स्वतःचेच हसे करून घेतो, म्हणून सर्वांना आपला वाटतो.

पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी किंवा हर्निया असणाऱ्यांनी जोर लावून हसण्याचे व्यायाम करू नयेत. दमेकऱ्यांना हसता हसता धाप लागू शकते. आणि दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर तिथे विनोद पुरत नाही. डॉक्टरांना भेटावे किंवा सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते.

पाच मिनिटांनी आजोबांचा रक्तदाब घेतला, तर वरचा आकडा 170! खोदून विचारले तेव्हा कळले, आठ दिवस गोळीच घेतलेली नाही. मी रागावलो. पुन्हा चिठ्ठी लिहिली, गोळी जेवणानंतर घ्या म्हणून बजावले. आजोबांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

"गोळी मेडिकलात मिळंल," ते म्हणाले, "पण जेवण कुठल्या दुकानात, ते लिहिलंच नाही तुम्ही."