दोन मिनिटांचं उड्डाण
स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूह आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधलं हवाई अंतर जेमतेम २.७ किलोमीटर. वेळापत्रकात या उड्डाणाला २ मिनिटं दिलेली असतात. वारा पाठीशी असला की त्याहून कमी वेळ पुरतो. विक्रम आहे ५३ सेकंदांचा. हिशेब केला तर सरासरी वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास येतो. मोठ्या जेट विमानाला एवढ्या अंतरात धड उंचीही गाठता येणार नाही, म्हणून इथे आठेक प्रवाशांचं, दोन पंख्यांचं ‘आयलँडर’ विमान उडतं. त्याला आखूड धावपट्टी पुरते.

जगातली ही सर्वांत छोटी नियमित विमानसेवा लोगनएअरने १९६७ मध्ये सुरू केली. तिच्याकडे गंमत म्हणून पाहणं मला पटत नाही. पापा वेस्ट्रेवर शंभरेक माणसंच राहतात. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण यांच्यासाठी हे विमान म्हणजे आपल्याकडची एसटी. पर्यटकही येतात, बेटावरच्या नॅप ऑफ हॉवर या ठिकाणी पाच हजार वर्षांहून जुनी दगडी घरं अजून उभी आहेत.