उतारावरचा छोटा ट्रॅक्टर : एचपी नंतर बघा, आधी कोन मोजा!

आपल्याकडे ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न "किती एचपीचा?", दुसरा प्रश्न "किती पर्यंत देणार?" आणि तिसरा प्रश्न "कलर कुठला?" एवढ्यावर डील फायनल होतं. सपाट जमिनीत हे खपून जातं. पण जमीन उताराची असेल तर या तिन्ही प्रश्नांच्या आधी चौथा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो कुठलाही सेल्समन स्वतःहून सांगत नाही : "हा ट्रॅक्टर कितव्या अंशाला उलटतो?"

या लेखाचं निमित्त घरचंच आहे. आमची जमीन पाटसची (ता. दौंड). पाटस म्हटलं की लोकांना सोलापूर हायवे, टोलनाका आणि भीमा साखर कारखाना आठवतो. कालव्याच्या पाण्याखालची जमीन म्हणजे ऊसच ऊस, टेबलासारखी सपाट. पण बारामती रस्त्याने रोटी घाटाकडे निघालात की चित्र पालटतं. मुरमाड माळ, कुसळी गवत, मध्ये मध्ये दगड. तुकोबारायांची पालखी दरवर्षी याच घाटातून वर चढते. आमच्या चार एकरांपैकी दीड एकर असा माळाचा उतार आहे. त्यावर सीताफळ आणि थोडा आंबा लावलाय. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं. ते कापायचं, बाकीच्या जागेत थोडी मशागत करायची, फवारणी करायची, यासाठी काकांना मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय. चालवणार ते स्वतः, तेही एकटे. त्यामुळे मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात शिकलेलं अप्लाइड मेकॅनिक्स कुठेतरी वापरायचंच, असं मी ठरवलं. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत इंग्लिश जरा जास्त सांडतं, सांभाळून घ्या!)

१. आधी उतार मोजा

पाच फुटांचा सरळ पाइप घ्या. त्याचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा आणि गवंड्याची लेव्हल ठेवून पाइप आडवा धरा. दुसरं टोक जमिनीपासून किती वर राहतं ते टेपने मोजा. एक फूट आलं तर उतार पाचास एक, म्हणजे २० टक्के. अंशात सांगायचं तर साधारण ११. इथे पुष्कळ जणांचा गोंधळ होतो. २० टक्के म्हणजे २० अंश नव्हे. ४५ अंशाचा कडा म्हणजे १०० टक्के!

आमच्या माळावर बहुतेक ठिकाणी ६ ते ८ अंश निघाले, पण वरच्या पट्ट्यात ११. "अकराच ना? मग काय झालं?" असं वाटेल. आता पुढचं गणित बघा.

२. ट्रॅक्टर चार पायांवर नव्हे, तीन पायांवर उभा असतो

समजा, मागच्या दोन चाकांमधलं अंतर १ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटर वर आहे. सोपा हिशोब : अर्धं अंतर भागिले उंची, म्हणजे ०.५ भागिले ०.६. टॅन इनव्हर्स काढला की ४० अंश येतात. म्हणजे ट्रॅक्टर ४० अंशाला उलटेल. अकराच्या मानाने भरपूर वाटतं, नाही का?

पण हा हिशोब कारचा झाला. ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल मधोमध एका पिनवर झुलतो, खाचखळग्यात चारही चाकं टेकलेली राहावीत म्हणून. याचा अर्थ, कलंडायला लागल्यावर पुढची चाकं सुरुवातीला काहीच अडवत नाहीत. खरा आधार मिळतो तीनच बिंदूंचा : मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. चौकोनाचा झाला त्रिकोण! गुरुत्वमध्य मागच्या अॅक्सलपासून साधारण एक तृतीयांश पुढे असतो. तिथे त्रिकोणाची अर्धी रुंदी उरते ५० ऐवजी ३३ सेंटीमीटर. पुन्हा टॅन इनव्हर्स : २९ अंश. पिन जमिनीपासून थोडी वर असते, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून जरा जास्त येतो. पण जिवाचा हिशोब करताना कमीच धरावं.

आता ११ अंशाच्या उतारावरून आडवे चाललोय असं समजा. वरचं चाक गवतात लपलेल्या १५ सेंटीमीटरच्या दगडावर चढलं आणि त्याच वेळी खालचं चाक १० सेंटीमीटरच्या खड्ड्यात गेलं. एक मीटर रुंदीला २५ सेंटीमीटरचा फरक, म्हणजे आणखी साडेचौदा अंश. बेरीज साडेपंचवीस. शिल्लक राहिले जेमतेम साडेतीन अंश.

आणि त्या क्षणी वरच्या बाजूला वळलात तर? ताशी ८ किलोमीटर वेगाने ३ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं की खालच्या दिशेला वजनाच्या सहाव्या भागाएवढा जोर लागतो. अंशांच्या भाषेत आणखी नऊ-दहा. खेळ खल्लास! वेग निम्मा केला तर हाच जोर चौथा हिस्सा होतो. त्यामुळे "उतारावर हळू चालवा" हा नुसता म्हाताऱ्यांचा उपदेश नाही, फॉर्म्युल्यात वेगाचा वर्ग असतो!

३. अरुंद की रुंद?

इथेच आपल्या मिनी ट्रॅक्टरची खरी गोम आहे. महाराष्ट्रात हे ट्रॅक्टर लोकप्रिय झाले ते उसाच्या सऱ्यांत, द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या ओळींत घुसायला. त्यामुळे "किती अरुंद" हीच त्यांची जाहिरात. १५ एचपीचा महिंद्रा युवराज किंवा स्वराज ७१७ हे त्या कामाला छानच आहेत. पण उतारावर अरुंदपणा हा गुण नसून दोष ठरतो.

चाकांमधलं अंतर १ मीटरऐवजी १.२ मीटर केलं तर? उलटण्याचा कोन २९ वरून जवळजवळ ३४ वर जातो, आणि त्याच दगड-खड्ड्याने वाढणारा कोन साडेचौदावरून १२ वर येतो. शिल्लक साडेतीन अंशांची साडेदहाच्या वर जाते. वीस सेंटीमीटरने तिप्पट फायदा! पुष्कळ ट्रॅक्टरमध्ये मागच्या चाकांची रिम किंवा डिस्क उलटी बसवून हे अंतर वाढवता येतं. शोरूममध्ये हे नक्की विचारा. आमच्या सीताफळाच्या ओळी १२ फुटांवर आहेत, तिथे अरुंद ट्रॅक्टरची गरजच काय?

टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरलं तरी वजन खाली येतं आणि पकड वाढते. याउलट मागे उचललेला भरलेला फवारणीचा टँक गुरुत्वमध्य वर नेतो. उतारावर अवजार शक्य तितकं खाली ठेवूनच चाला.

४. फोर व्हील ड्राइव्ह चढायला नव्हे, उतरायला!

सगळ्यांना वाटतं, फोर बाय फोर म्हणजे चढावर ताकद. ते आहेच. पण खरी गरज लागते उतरताना. साध्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उताराला तोंड केलं की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि ओल्या गवतावर ती लॉक होऊन घसरायला लागतात. फोर व्हील टाकलेलं असेल तर पुढचा अॅक्सल गिअरने मागच्याला जोडलेला असतो. त्यामुळे इंजिनची आणि ब्रेकची रोखण्याची ताकद चारही चाकांना मिळते.

शिवाय तीन नियम पाठच करावेत. एक, दोन्ही ब्रेक पॅडल कडीने जोडलेले हवेत. नाहीतर एकच पाय पडून ट्रॅक्टर गर्रकन फिरेल. दोन, उतरायच्या आधीच लो गिअर टाकायचा. तीन, उतारावर क्लच दाबायचा नाही आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर अजिबात नाही.

चढताना वेगळा धोका असतो. मागची चाकं अडकली आणि इंजिनचा जोर चालूच राहिला, तर चाक फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच अॅक्सलभोवती मागे फिरतो. परत न येण्याच्या बिंदूपर्यंत जायला पाऊण सेकंद पुरतो असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. म्हणून ओढायचं ओझं नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावं, वर कधीच नाही. चढ फारच उभा असेल तर रिव्हर्समध्ये चढावं.

५. आता एचपी

गवत कापायला पीटीओवर चालणारा स्लॅशर लागतो. ढोबळ नियम असा की स्लॅशरच्या रुंदीच्या दर फुटाला ५ पीटीओ एचपी. लक्षात घ्या, पीटीओ एचपी हा इंजिन एचपीपेक्षा कमी असतो. समजा, पीटीओला २० मिळतात. सपाटीवर चार फुटी स्लॅशर चालेल. पण ट्रॅक्टर आणि अवजार मिळून ११५० किलो वजन ११ अंशाच्या चढावर ताशी ३ किलोमीटरने न्यायला अडीच एचपी लागतात. त्यात जमिनीचा विरोध आणि गिअर, टायरमधलं नुकसान धरलं की पाचएक एचपी गेले. उरले १५, म्हणजे तीन फुटी स्लॅशर. १५ एचपीचं इंजिन इथे धापा टाकणार. आमच्या कामाला २१ ते २७ एचपीचा फोर व्हील हाच गट योग्य : महिंद्रा जिवो, कुबोटा निओस्टार वगैरे.

पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचं टोक अडकलं तर "थांबव" म्हणायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर नसेल तर ट्रॅक्टर चालू करू नका. मुरमात स्लॅशरखालून दगड गोळीसारखे उडतात, तेव्हा आसपास पोरंटोरं नकोत.

६. आडवं की उभं?

इथे एक गंमतशीर भांडण आहे. कृषी खातं सांगतं, मशागत उताराला आडवी करा, पाणी मुरतं, माती वाहत नाही. दौंड पर्जन्यछायेतला तालुका, तेव्हा हे खरंच आहे. आणि वर काढलेलं आमचं गणित सांगतं, आडवं जाऊ नका!

दोन्ही खरे आहेत, फक्त जागा वेगळ्या. सौम्य उतारावर, साधारण पाच-सहा अंशांपर्यंत, मशागत आडवी करावी. त्याहून उभ्या पट्ट्यात नांगर घालूच नये. तिथे गवतच माती धरून ठेवतं. ते फक्त कापायचं, आणि कापताना ट्रॅक्टर वर-खाली चालवायचा. मुळं शाबूत असल्यामुळे माती जात नाही. आणि जिथे दगड फार आहेत तिथे ट्रॅक्टर न्यायचाच नाही. खांद्यावरचा ब्रशकटर तिथे स्वस्त आणि सुरक्षित.

७. घेण्यापूर्वी

मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या रिपोर्टमध्ये पीटीओ पॉवर, ब्रेक, ओढण्याची ताकद हे सगळं मोजलेलं असतं. ब्रोशर बाजूला ठेवा आणि डीलरकडे तो रिपोर्ट मागा. डिसेंबरात मोशीचं किसान प्रदर्शन आणि जानेवारीत बारामती केव्हीकेचं कृषिक इथे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं शेजारी-शेजारी बघता येतात. सोबत मोजायची टेप न्या!

सरकारी अनुदान हवं असेल तर अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो आणि पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुनं कोटेशन चालवून घेऊ नका. सेकंड हँडमध्ये फोर्सचे ट्रॅक्टर स्वस्तात दिसतील. पण कंपनीने २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा धंदा बंद केलाय, त्यामुळे स्पेअर पार्टची चौकशी आधी करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : रोप्स, म्हणजे सीटमागची मजबूत लोखंडी कमान. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली. कमान उभी असेल तर सीटबेल्ट लावायचाच. कमान नसेल किंवा दुमडलेली असेल तर बेल्ट लावायचा नाही, कारण मग उडी मारायची संधीही जाते. हा फरक फार थोड्या लोकांना माहीत असतो.

आमच्या घरी सध्या चर्चा पैशांवर अडली आहे. पंधरा एचपीचा साधा आणि चोवीस एचपीचा फोर व्हील यांत फरक लाखांत आहे, आणि आजोबांच्या मते "एवढ्यात दोन म्हशी येतात." मी त्यांना साडेतीन अंश आणि साडेदहा अंश यांतला फरक कागदावर काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि एवढंच विचारलं, "त्या लोखंडी कमानीचे वेगळे किती घेतात?"