जुनीं नाणीं आणि परदेशचा ग्राहक

आमच्या बीड जिल्ह्यांत अनेक घरीं जुन्या पेटींत किंवा फडताळांत निजामाच्या अमदानींतील नाणीं व टपालतिकिटें अद्याप आढळतात. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत मोडत असे. संस्थानचें टपाल स्वतंत्र असून त्याचीं तिकिटें १८६९ पासून निघत होतीं. नाणेंही निराळें होतें. त्यास हाली सिक्का म्हणत; सात हाली रुपयांचा भाव सुमारें सहा इंग्रजी रुपये असे. १९५९ सालीं हें नाणें चलनांतून गेलें. बाजारहाटांत त्याची किंमत संपली, परंतु संग्राहकांच्या दृष्टीनें ती तेथूनच सुरू झाली. आतां इंटरनेटवरील बाजारामुळें माजलगांवच्या गृहस्थास लंडनच्या संग्राहकाशीं थेट व्यवहार करितां येतो. तो करण्यापूर्वीं काय जाणून घ्यावें, तें येथें थोडक्यांत सांगतों.

पहिला प्रश्न कराचा नसून वस्तूच्या वयाचा आहे. १९७२ च्या पुराणवस्तु व कलानिधि कायद्यान्वयें शंभर वर्षें वा अधिक जुनें नाणें, मूर्ति, चित्र किंवा कलाकुसरीची वस्तु ही पुराणवस्तु होय. महत्त्वाच्या हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षेंच पुरेशीं आहेत. अशी वस्तु खाजगी मनुष्यास परदेशीं पाठवितां येत नाहीं; पाठविल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड अशी शिक्षा सांगितली आहे. म्हणून नाण्यावरील साल वाचतां आलें पाहिजे. निजामाच्या नाण्यांवर हिजरी सन असतो. १३३० हिजरी म्हणजे इसवी १९१२ चा सुमार. तें नाणें शंभरी ओलांडून गेलें, तें बाहेर जाऊं शकत नाहीं. १३६२ हिजरी म्हणजे इसवी १९४३; त्यास हा प्रतिबंध नाहीं. संशय असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुराणवस्तु नव्हे’ असा दाखला घ्यावा. शेतांत नांगराच्या फाळास लागलेलें धन तर मुळींच विकूं नये. त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते.

वस्तु पाठविण्यास योग्य ठरली म्हणजे मार्गाचा विचार येतो. व्यापारासाठीं माल पाठविणाऱ्यास आयात-निर्यात संकेतांक काढावा लागतो. त्याचें शुल्क ५०० रुपये आहे. टपालखात्यानें २०२२ पासून ठिकठिकाणीं ‘डाकघर निर्यात केंद्रें’ उघडलीं आहेत. तेथें मालाचें वर्णन व किंमत यांचें निर्यातपत्र संगणकावर भरून घेतात. पुढें आमच्याकडील पुडकें बहुधा मुंबईच्या परदेशी टपाल कचेरींत जातें, तेथें सीमाशुल्क अधिकारी तें तपासतात व मग तें विमानानें रवाना होतें. कांहीं मोठे इंटरनेट-बाजार स्वतःचीं संकलन-केंद्रें ठेवितात. विक्रेत्यानें माल तेवढा तेथवर पोंचवावा. परदेशचा कर हिशेबून पुढें धाडण्याचें काम केंद्र करतें. सोय मोठी खरी; परंतु वाटेंत वस्तु गहाळ झाल्यास जबाबदारी कोणाची, हें करारांत आधीं वाचावें. नाणीं तर साध्या टपालानें पाठवूंच नयेत. तशी आंतरराष्ट्रीय टपालाचीच मनाई आहे.

आतां कर. आपल्या देशांत निर्यातीवर वस्तु व सेवा कराचा दर शून्य धरतात. मात्र त्यासाठीं नोंदणी व हमीपत्र यांची पूर्तता करावी लागते. विक्रीचा नफा उत्पन्नांत दाखविणें हें तर आहेच. परदेशीं पोंचल्यावर तेथील सरकार आपला कर घेतें. युरोपीय संघानें १ जुलै २०२१ पासून अल्प किंमतीच्या मालाची करमाफी काढून टाकिली. अमेरिकेंत ८०० डॉलरपर्यंतच्या मालास असलेली सूट २९ ऑगस्ट २०२५ रोजीं बंद झाली, आणि त्या गोंधळांत आपल्या टपालखात्यास तिकडील बहुतेक पार्सलें कांहीं काळ थांबवावीं लागलीं. हा कर कोणीं भरावयाचा, हें सौदा ठरतांनाच लिहून ठेवावें. अन्यथा ग्राहक कर पाहून पुडकें नाकारतो, तें परत येतें आणि टपालाचा खर्च विक्रेत्याच्या माथीं बसतो.

कर टाळण्यासाठीं पुडक्यावर ‘भेट’ असें लिहावें किंवा किंमत कमी दाखवावी, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकूं नये. खोटें लिहिणें हा अपराध आहेच. शिवाय वस्तु हरवली तर भरपाई लिहिलेल्या किंमतीपलीकडे मिळत नाहीं. पांच हजारांची वस्तु पांचशांची लिहिणारा आपल्याच हातानें साडेचार हजारांवर पाणी सोडतो.

आमच्या विद्यार्थीमित्रांनो, घरांतील पेटी उघडाल तेव्हां आधीं आजोबांस विचारा, मग साल वाचा, आणि विक्रीचा विचार सर्वांत शेवटीं करा. कांहीं नाणीं विकून फीचे पैसे मिळतील. कांहीं मात्र जपून ठेविलीं तरच या जिल्ह्याचा इतिहास पुढच्या पिढीच्या हातीं लागेल. कोणतें नाणें कोणत्या वर्गांतलें, हें ओळखण्यास शिकणें हीच खरी कमाई होय.