आपल्या गावची पोरं

जपानमध्ये जून महिना संपत आला, की गावोगावच्या अनेक घरांत एक कागद भिंतीवर चिकटवला जातो. स्थानिक वर्तमानपत्राने छापलेला तो सामन्यांचा तक्ता असतो. प्रांतातल्या सगळ्या माध्यमिक शाळांचे बेसबॉल संघ त्यात असतात. कोण कोणाशी भिडणार, कोणत्या दिवशी, कोणत्या मैदानावर, सगळं बारीक अक्षरांत. घरातला कर्ता माणूस त्यातल्या एका शाळेच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल करतो. तो त्या शाळेत कधीकाळी शिकलेला असतो, किंवा नसतोही. खेळणारा एकही मुलगा त्याच्या नात्यातला नसतो. शाळा आपल्या गावची आणि पोरंही आपल्या गावची, एवढं त्याला पुरेसं असतं.

बेसबॉल आपल्या ओळखीचा खेळ नाही. पण क्रिकेट पाहणाऱ्याला तो समजायला वेळ लागत नाही. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू, नऊ डाव, आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलायची. फलंदाज चेंडू टोलवून धावत सुटला आणि तीन तळांना वळसा घालून घरच्या तळावर पोहोचला, की एक धाव. 1870च्या दशकात जपानमध्ये शिकवायला आलेल्या अमेरिकन शिक्षकांनी हा खेळ तिथे नेला आणि तो तिथल्या मातीत असा रुजला, की आता परका वाटत नाही.

पैसेवाल्या व्यावसायिक संघांचे चाहते तिथे भरपूर आहेत. शाळेच्या संघाच्या पाठीराख्याची जात मात्र वेगळी. त्याच्या खेळाडूंना मानधन नाही. त्यांच्या पाठीवर नावही नसतं, फक्त क्रमांक असतो आणि छातीवर शाळेचं नाव. दर तीन वर्षांनी सगळा संघ बदलतो. ज्या मुलावर जीव लावावा, तो शाळा संपवून निघून जातो. पाठीराखा तिथेच राहतो.

त्याचा हा छंद फार साधा आहे. संध्याकाळी काम आटोपलं, की तो शाळेच्या मैदानाकडे फिरायला जातो. जाळीच्या मागे उभा राहून सराव बघतो. कोणाचा खांदा दुखतोय, कोणाचा फेकीचा वेग वाढलाय, पहिल्या वर्षातला कोणता पोरगा पुढे चमकेल, हे त्याला बरोबर ठाऊक असतं. रविवारच्या मैत्रीपूर्ण सामन्याला तो गळ्यात टॉवेल, डोक्यावर टोपी आणि हातात नोंदवही घेऊन हजर असतो. प्रत्येक चेंडूचा हिशेब त्या वहीत खुणांनी लिहायचा, हा अनेकांचा आवडता उद्योग. घरी अशा जुन्या वह्यांची चळत जपून ठेवलेली असते. खेळाडूंच्या आया पाळीपाळीने बार्लीचा थंड चहा भरून आणतात, भाताचे गोळे बांधतात. त्यातला एखादा पेला या काकांच्याही हातात येतो. मुलं रस्त्यात भेटली की टोपी काढून वाकून नमस्कार करतात. त्याच्या वाट्याला येणारी एवढीच कमाई, आणि तेवढ्यावर तो खूश असतो.

आता त्या तक्त्याचं गणित पाहा. देशभरात अलीकडे सुमारे 3400 संघ या स्पर्धेत उतरतात. सामने बाद पद्धतीचे. एक सामना हरला, की उन्हाळा संपला. तिसऱ्या वर्षातल्या मुलांसाठी तर शाळेचं बेसबॉलच संपलं. प्रांतांतून 49 संघ निवडले जातात. तोक्यो आणि होक्काइदो इथून दोन-दोन, बाकी प्रांतांतून एकेक. ऑगस्टमध्ये हे सगळे नीशिनोमिया शहरातल्या कोशिएन मैदानावर जमतात आणि शेवटी एकच संघ न हरता घरी जातो. म्हणजे बाकी सगळ्या गावांतल्या पाठीराख्यांच्या नशिबी पराभव ठरलेलाच. हे त्यांना पेन्सिलीने गोल करतानाच माहीत असतं. तरी ते दरवर्षी गोल करतात.

हरायचं कसं, याचे रिवाज या स्पर्धेने घालून दिले आहेत. सामना संपला की दोन्ही संघ समोरासमोर रांगेत उभे राहून वाकतात, मग आपापल्या पाठीराख्यांपुढे धावत जाऊन त्यांना वाकून नमस्कार करतात. प्रेक्षकांतले दोन्ही गट एकमेकांच्या शाळेच्या नावाने आरोळी देतात. शुभेच्छा म्हणून शाळेतल्या मुलामुलींनी आणि पालकांनी घडी घालून केलेल्या कागदी करकोच्यांच्या माळा प्रत्येक संघाजवळ असतात. प्रांतातल्या सामन्यांत हरलेला संघ आपली माळ जिंकलेल्या संघाच्या हाती देतो. आमचा प्रवास इथे थांबला, आमच्या माणसांची दुवा आता तुमच्याबरोबर राहू द्या, असा त्याचा अर्थ. ज्या आईने रात्री जागून ते करकोचे केले, तीही समोरच्या संघाला टाळ्या वाजवते.

आणि समजा, आपला संघ कोशिएनला पोहोचलाच, तर? मग गाव हलतं. नगरपालिकेच्या इमारतीवर मोठा फलक लटकतो. दुकानदार, माजी विद्यार्थी वर्गणी काढतात, कारण शेकडो माणसांना बसगाड्यांनी नेणं स्वस्त नसतं. रात्रभर प्रवास करून या बसगाड्या सकाळी मैदानावर पोहोचतात. ज्यांना जाता येत नाही, ते शाळेच्या सभागृहात पडद्यासमोर बसतात. कोशिएनमध्ये पाठीराख्यांच्या जागेला ‘आल्प्स’ म्हणतात. पांढऱ्या सदऱ्यांनी भरलेला तो चढ बर्फाच्या डोंगरासारखा दिसे, म्हणून हे नाव. ऑगस्टच्या उन्हात तिथे बसणं सोपं नाही. पिशवीत फोडलेला बर्फ मिळतो. तो आधी मानेवर धरायचा आणि विरघळला की नळीने प्यायचा.

याच डोंगरावर संघाच्या गणवेशात बसलेली काही मुलं दिसतात. संघात वीस जणांनाच जागा असते. मोठ्या शाळांत सराव करणारे शंभराच्या घरात असू शकतात. तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ घाम गाळूनही ज्यांची निवड झाली नाही, ती ही मुलं. सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो. आपली जागा ज्याला मिळाली, त्याच्याच नावाने ओरडायला किती मोठं मन लागत असेल!

पाठीराख्याची ही माया गावाच्या वेशीपाशी थांबत नाही, याचा पुरावा ओकिनावाच्या कहाणीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हे बेट 1972पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं. 1958मध्ये तिथल्या शुरी शाळेचा संघ कोशिएनला आला. बेटावरून आलेला हा पहिलाच संघ. मुलं पहिलाच सामना हरली. रिवाजाप्रमाणे त्यांनी मैदानातली मूठभर माती आठवण म्हणून बरोबर घेतली. पण परत पोहोचल्यावर बंदरात ती माती समुद्रात टाकावी लागली. कायद्याच्या लेखी ती परदेशची माती होती आणि रोपांना रोग होऊ नये म्हणून परदेशी माती आणायला बंदी होती. ही बातमी वाचून एका विमान कंपनीच्या हवाई सुंदरींनी कोशिएनचे छोटे दगड गोळा करून शाळेला पाठवले. मातीला बंदी होती, दगडांना नव्हती! ते दगड आजही शुरी शाळेच्या आवारातल्या स्मारकात बसवलेले आहेत. त्या मुली ओकिनावाच्या पाठीराख्या नव्हत्या. त्या दिवसापुरत्या झाल्या.

पुढे ओकिनावाचे संघ वरचेवर येऊ लागले, तेव्हा आणखी एक अडचण होती. बेटावरून वाद्यांसह अख्खा बँड विमानाने आणणं परवडणारं नव्हतं. बँडशिवाय आल्प्सवरचा पाठिंबा फिका पडतो. कोशिएनच्या शेजारचं शहर आमागासाकी. तिथे ओकिनावाहून पोटापाण्यासाठी आलेली बरीच कुटुंबं आहेत. त्या शहराच्या महापालिका शाळेचा बँड ओकिनावाच्या संघांसाठी वाजवू लागला आणि आता अनेक वर्षं वाजवतो आहे. शाळा वेगळी, प्रांत वेगळा. तरी ती मुलं बेटावरच्या चाली शिकतात आणि उन्हात उभी राहून अनोळखी संघासाठी फुफ्फुसं रिकामी करतात. जपानी लोक याला ‘मैत्रीचा पाठिंबा’ असंच म्हणतात. भोवती बोटं तोंडात घालून ओकिनावाची माणसं शिट्ट्या घुमवत असतात. 2010मध्ये कोनान शाळेने उन्हाळी स्पर्धेचं विजेतेपद पहिल्यांदा ओकिनावाला मिळवून दिलं. शुरीच्या त्या मुलांनंतर 52 वर्षांनी.

आपल्याकडेही असा माणूस गल्लोगल्ली असतो. पोरांच्या स्पर्धेत चुना मारून सीमारेषा आखणारा, खुर्च्या मांडणारा, पाण्याचा जार स्वतःच्या पैशाने आणणारा. त्याचं नाव बक्षीस समारंभात कोणी घेत नाही. त्याला विचारलं, ‘तुमचा मुलगा आहे का संघात?’ तर तो हसून म्हणतो, ‘सगळेच आपले.’ हे वाक्य बोलायला सोपं आहे. हरलेल्या दिवशी, घशाला कोरड पडली असताना, समोरच्या संघासाठीही टाळी वाजली, तरच ते खरं.

जपानमध्ये तिसऱ्या वर्षाची मुलं निरोप घेतात आणि थोड्याच दिवसांत धाकट्यांचा नवा संघ सराव सुरू करतो. चेंडू हातातून निसटतात, फेकी वाकड्या जातात. जाळीमागून कोणीतरी न रागावता म्हणतं, ‘होईल, होईल. अजून वर्ष आहे.’