कल्हईला फुटलेले केस

एखादा उपग्रह किंवा लढाऊ विमानातले विद्युत्-यंत्र बंद पडले, की आपल्याला वाटते, काहीतरी मोठे मोडले असणार. उष्णतेने भाग जळतात, हादऱ्याने सांधे सुटतात, दमटपणाने गंज चढतो, हे खरेच आहे. पण आज सांगायचे आहे ते कारण डोळ्यांना दिसतही नाही.

तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई कां करतात, हे कुणाला सांगायला नको. आंबट पदार्थ कळकू नये म्हणून. ही कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. विद्युत्-यंत्रांतल्या सुट्या भागांना तारेसारखे पाय असतात. त्या पायांनाही कथलाचा मुलामा देतात. तांबे काळे पडू नये व डाक नीट धरावा म्हणून.

आता गंमत पाहा. शुद्ध कथलाच्या ह्या थराला कधीकधी केस फुटतात! आपल्या केसाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाइतके बारीक, पण लांबी काही मिलिमीटरपर्यंत जाते. झाड शेंड्याकडे वाढते. हा केस बुडाकडून वाढतो. खालचे तांबे हळूहळू कथलात मिसळते, थरात दाब साठतो आणि सोऱ्यातून शेव बाहेर पडावी तसे कथील वर ढकलले जाते. त्याला वीज लागत नाही. यंत्र फळीवर नुसते पडून असले तरी केस वाढतो. हा केस शेजारच्या पायाला टेकला की वीज भलत्याच वाटेने जाते. कारखान्यात तपासणी होते तेव्हा केस नसतोच. मग तपासनीस तरी काय पकडणार?

जमिनीवर एक सोय आहे. हवेत एवढा बारीक केस बहुधा जळून जातो व काम पुढे चालते. अंतराळात हवा नाही. तेथे जळालेल्या धातूची वाफच विजेची वाट बनते आणि तिच्यातून फार मोठा प्रवाह धावू शकतो.

१९ मे १९९८ रोजी अमेरिकेचा गॅलक्सी-४ हा दळणवळणाचा उपग्रह, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ताब्याबाहेर गेला. त्याचे मुख्य नियंत्रक यंत्र बंद पडले, आणि राखीव यंत्रही आधीच निकामी झालेले होते. त्या काळी निरोप पाठवायला पेजर नावाची खिशातली पेटी वापरीत. देशातल्या दहांपैकी आठांहून अधिक पेजर मुके झाले. डॉक्टरांना रुग्णालयाचे बोलावणे पोचेना. उपग्रह खाली आणून पाहता येत नाही. तरी बनविणाऱ्यांनी अनुमान काढले, ते कथलाच्या केसाचेच.

हा रोग तसा जुना. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्करी रेडिओ-संचांत कॅडमियमचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांवर असे केस आढळले. १९४६ साली ते छापूनही आले. मग कॅडमियम टाकून काहींनी कथील घेतले, तर त्यालाही केस! पुढे कथलात थोडे शिसे मिसळले की केस बहुतेक आवरतात, असे ध्यानात आले. लष्करी व अंतराळी कामात शंभरांत निदान ३ भाग शिसे हवे, असा दंडक पडला.

पण शिसे विषारी. टाकाऊ यंत्रांतून ते माती-पाण्यात उतरते, म्हणून १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने नित्याच्या विद्युत्-उपकरणांत ते बंद केले. नियम रास्तच होता. लष्कराला व अंतराळाला त्यातून सूट दिली खरी, पण भाग बनविणारा कारखाना टेलिफोन-टेलिव्हिजनवाल्यांच्या गिऱ्हाइकीवर चालतो. सैन्यासाठी वेगळी कल्हई कोण करणार? म्हणून बाजारातून येतात ते बहुधा शुद्ध कथलाचेच भाग.

तेव्हा उपग्रह बांधणारे आता आलेला माल क्ष-किरणांनी तपासून मुलाम्यात शिसे आहे की नाही ते पाहतात. नसेल तर भागाचे पाय वितळलेल्या शिसे-कथलात बुडवून पुन्हा कल्हई करतात. वरून व्हार्निशासारखा लेपही देतात. मात्र तो पातळ पडला, तर केस त्यालाही भोक पाडून बाहेर येतो.